धोंडबुवांचे पान

एकदा एक शिष्य आपल्या दिवंगत गुरुबंधूविषयी चार ओळी लिहायला बसला आणि त्या चार ओळींनी त्याला आठ दिवस छळले.

हा शिष्य घाटमाथ्यावरच्या एका जुन्या मठात राहत असे. मठात वीस-बावीस साधक होते. धुके दाटले की घंटा वाजवून वाटसरूंना वाट दाखवावी, आल्यागेल्याला भाकरी-आमटी वाढावी, सकाळ-संध्याकाळ भजन करावे, असा त्यांचा क्रम. कोण कुठल्या गावचा, कुठल्या घरचा, हे मठाच्या पायरीशी संपे; आत सारे एकमेकांचे गुरुबंधू. कुणालाही बायको नाही, लेकरे नाहीत. मग मेल्यावर नाव घेणार कोण? म्हणून मठाच्या मूळपुरुषाने एक रीत घालून दिली होती. बंधूच बंधूचा वारस. गेलेल्या प्रत्येकाचे एक पान स्मरणपोथीत असे आणि पौष वद्य पंचमीला ती सारी पाने सर्वांसमक्ष वाचली जात. त्यानंतर पंगत होई.

पोथीत सतरा पाने होती. अठरावे धोंडबुवांचे व्हायचे होते. ते लिहिण्याचे काम मठाधिपती वृद्ध महाराजांनी विश्वंभर नावाच्या या शिष्याकडे दिले, कारण त्याचे अक्षर मोत्यासारखे होते. शिवाय गळा गोड होता. संध्याकाळचे भजन तोच चालवी.

धोंडबुवा मठाचे स्वयंपाकी. तीस वर्षे त्यांनी चूल सांभाळली. वाढताना त्यांचा हात कधी आखडला नाही आणि तोंड कधी आवरले नाही. "ताटात टाकणारा पापी आणि लाजून मागून न घेणारा त्याहून पापी," असे ओरडतच ते पंगतीतून फिरत. त्यांना गाण्याचे अतोनात वेड होते, पण देवाने सूर दिला नव्हता. पहाटेची भूपाळी ते सर्वांच्या वरताण आवाजात म्हणत. तिसऱ्या ओळीला आवाज चढे आणि ओल्या दगडावरून पाय सटकावा तसा नेमका तिथेच घसरे.

गेल्या वैशाखात मठाच्या उत्सवाला खालच्या गावांतून बरीच मंडळी आली होती. विश्वंभरचे भजन ऐन रंगात आले असताना धोंडबुवांनी मागून आवाज लावला आणि सगळा रंग विस्कटला. विश्वंभर थांबला, वळला आणि हसत म्हणाला, "बुवा, आपण आमटी ढवळावी. सूर आमच्यावर सोडा."

मंडळी खळखळून हसली. धोंडबुवाही थोडे हसले. हातातले टाळ त्यांनी खाली ठेवले, "उतू जाईल हो, खरंच," असे म्हणून ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. त्या दिवसापासून ते पुन्हा भजनाला बसले नाहीत. पहाटेची भूपाळीही थांबली.

आपण चुकलो, हे विश्वंभरला त्याच दिवशी कळले होते. आज बोलू, उद्या बोलू, म्हणता म्हणता पाच महिने गेले. आश्विनात धोंडबुवांना ताप भरला. विश्वंभर त्यांच्या उशाशी बसला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पण कुणी ना कुणी जवळ असायचे आणि शब्द ओठाशी येऊन परत जायचा. तिसऱ्या दिवशी बुवा गेले.

आता त्यांच्या पानावर काय लिहावे? खरे लिहावे, तर आपला अपराध उघडा पडतो आणि मेलेल्या माणसाचे दोषही चारचौघांत येतात. आठव्या दिवशी विश्वंभरने जुनी पाने काढून वाचली. त्यांत सारे 'शांत', 'विरक्त', 'मितभाषी' होते. त्याला हायसे वाटले. त्यानेही लेखणी उचलली आणि एका बैठकीत पान पूर्ण केले.

पंचमीचा दिवस उजाडला. ऊन अंगणात आल्यावर सारे बंधू सभामंडपात बसले. वाचन सुरू झाले. पहिले पान झाले, दुसरे झाले. सहाव्या-सातव्या पानाला झोपेने माना डुलू लागल्या. सतराही माणसे जणू एकाच साच्यातून काढलेली! शेवटी विश्वंभरने आपले पान उघडले.

"आमचे वंदनीय बंधू धोंडबुवा हे शांतचित्त, मितभाषी, पाककुशल आणि भजनानंदी निमग्न असे होते. त्यांच्या मुखातून कधी कठोर शब्द निघाला नाही. त्यांच्या वियोगाने मठ पोरका झाला आहे."

वाचून त्याने पोथी मिटली. महाराज खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते. ऐंशी उलटलेले ते शरीर सावरून बसले. मग त्यांनी घसा साफ केला आणि गायला सुरुवात केली.

महाराज कधी गात नसत. ते पहाटेची भूपाळी गाऊ लागले आणि तीही भलत्याच वरच्या पट्टीत. तिसऱ्या ओळीला त्यांचा थरथरता आवाज चढला आणि धाडकन खाली घसरला. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. आवाज पुन्हा तिथेच घसरला.

सभामंडपात डुलणाऱ्या माना ताठ झाल्या. कुणीतरी फस्सकन हसले आणि त्याने तोंडावर हात धरला. विश्वंभरचा चेहरा लाल झाला. न राहवून तो म्हणाला, "महाराज, क्षमा असावी. पण आजच्या दिवशी गेलेल्या माणसाची अशी टवाळी…"

"टवाळी?" महाराजांनी डोळे उघडले. "मी तर त्याला हाक मारतोय. तू वाचलंस तेव्हा इथे कुणी आलं नाही रे. आता बघ."

आणि खरेच, मंडपात कुजबुज सुरू झाली होती. एक बंधू म्हणाला, "मितभाषी? अहो, मी एकदा भाकरी उरवली, तर बुवा मला विहिरीपर्यंत बोलत आले होते!"

दुसरा म्हणाला, "मला ताप होता तेव्हा पेजेचं भांडं घेऊन आले नि म्हणाले, 'पी मुकाट्यानं, नाहीतर नाक धरून पाजीन.' आणि खरंच धरलं हो नाक!"

हशा उसळला. दोघे-तिघे एकदम बोलू लागले. वर्षानुवर्षे या दिवशी जांभया देणारी माणसे आज एकमेकांच्या तोंडचे शब्द ओढून घेत होती. धोंडबुवांचे घोरणे निघाले, त्यांचे मांजरावर खेकसणे निघाले आणि मग त्याच मांजराला चोरून साय घालणेही निघाले.

तेवढ्यात एक वयस्क बंधू म्हणाले, "बाकी काही म्हणा, शेवटी शेवटी बुवांचा हात बिघडला होता. चार-पाच महिने करपलेली आमटी खाल्ली आपण. वय झालं होतं बिचाऱ्यांचं."

"वय नाही," मागून आवाज आला.

तो मल्हारबुवांचा होता. धोंडबुवांच्या शेजारी बसून वीस वर्षे भाजी चिरणारा हा माणूस. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर पुष्कळ. सगळे वळून पाहू लागले, तसे ते ओशाळले.

"बोला, मल्हारबुवा," महाराज म्हणाले.

"करपायची ती संध्याकाळची आमटी," मल्हारबुवा म्हणाले. "दुपारची करपली का कधी? आठवा. संध्याकाळी भजन सुरू झालं की बुवा चुलीवरचं तसंच टाकून मागच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. मी काही म्हणायला गेलो की म्हणायचे, 'गप रे, विश्वंभर गातोय.' एकदा मी म्हटलं, बुवा, दारात कशाला, आत जाऊन बसा की. तर म्हणाले, 'आत बसलो की मला गावंसं वाटतं. आणि मी गायलो की त्याचा सूर मोडतो. इथनं बरं ऐकू येतं.' मग आत यायचे तोवर आमटी खाली लागलेली."

मंडपातले सारे चेहरे विश्वंभरकडे वळले.

विश्वंभरला वाटले, आपल्या छातीवर कुणी हात ठेवला आहे. तो हात जड होता, पण रागाचा नव्हता. त्याने विचारले, "मल्हारबुवा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं का?" मल्हारबुवा साधेपणाने म्हणाले. "आणि आज तरी कसं सांगणार होतो? पानात तुम्ही लिहिलंय, पाककुशल. पाककुशल माणसाची आमटी करपते कशी?"

विश्वंभर उभा होता तिथेच खाली बसला. पोथी मांडीवर घेऊन, मान खाली घालून, त्याने वैशाखातली ती गोष्ट सर्वांसमोर सांगितली. पुष्कळांनी ती पाहिलीच होती; पण पाच महिने तो क्षमेचा शब्द कसा गिळत राहिला, हे कुणाला ठाऊक नव्हते. शेवटी तो म्हणाला, "महाराज, मी त्यांचं बेसूर गाणं झाकलं, कारण बेसूर म्हटलं असतं तर मला ते हसणं पुन्हा ऐकू आलं असतं. मी त्यांची स्तुती केली नाही. मी स्वतःला लपवलं."

महाराजांनी त्याला जवळ बोलावले.

"विश्वंभरा," ते म्हणाले, "देह आपण जाळतोच. त्याला इलाज नाही. पण उरतो तो माणूस. त्याची बडबड, त्याचा हेका, त्याचं चुकणं, हे सगळं आपल्या हवाली करून तो गेलेला असतो. त्यावर आपण चांगल्या शब्दांची रास घातली, तर तो तिच्याखाली दडपून जातो. दोष झाकायला म्हणून घातलेल्या पांघरुणाखाली प्रेमही झाकलं जातं. कारण माणसात ती दोन वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात. करपलेली आमटी लपवली असती, तर दाराशी उभा राहिलेला धोंडबा तुला कधी भेटला असता का?"

"आणि माझा अपराध? त्याचं काय करू?"

"तो राहणार," महाराज म्हणाले. "तो पुसायला ज्याचा हात हवा होता, तो गेला. मी खोटं कशाला सांगू? तोही पानात लिही. दरवर्षी वाचताना तुझा घसा दाटेल. दाटू दे. पण इथे बसलेल्या वीस जणांपैकी ज्याला कुणाला एखादा शब्द बोलायचा राहिला असेल, तो ते ऐकून त्याच दिवशी उठेल आणि बोलेल. एवढं झालं तरी त्या पानाचं सार्थक झालं."

विश्वंभरने पोथीची दोरी सोडली, लिहिलेले पान बाजूला काढले आणि तिथेच, सर्वांसमोर, कोऱ्या पानावर लिहायला घेतले. पंगतीची वेळ टळून गेली, पण कुणी उठले नाही. लिहून झाल्यावर तो वाचू लागला.

"धोंडबुवा. तीस वर्षे स्वयंपाक केला. फार बोलत. आजाऱ्याला नाक धरून पेज पाजीत. बेसूर गात आणि गाणे त्यांना जिवापलीकडे आवडे. मी त्यांना चारचौघांत गप्प केले. क्षमा मागायची राहिली. त्यानंतर ते दाराशी उभे राहून माझे गाणे ऐकत आणि आमटी करपे, हे मला ते गेल्यावर कळले."

यावर कुणी मान डोलावली नाही, की 'वा' म्हटले नाही. पुष्कळांनी उपरण्याने डोळे टिपले आणि टिपता टिपता ते हसत होते. मागच्या रांगेतले दोन बंधू, ज्यांचे आपसातले बोलणे श्रावणापासून बंद होते, एकमेकांकडे पाहून पुन्हा नजर खाली घालत होते. मग त्यांतला एक सरकून दुसऱ्याशेजारी जाऊन बसला.

विश्वंभरला आता निराळीच तहान लागली होती. त्याने पोथीची मागची पाने उलटली. सतरा माणसे त्या गुळगुळीत शब्दांखाली वाट पाहत पडली होती. त्यांना ओळखणारे काही जण अजून याच मंडपात बसले होते, पण ते किती दिवस? एका पानाशी तो थांबला. ते यमाजीबुवांचे होते. अक्षर खुद्द महाराजांचे. 'परम विरक्त. देहभावातीत.' एवढेच.

"महाराज," तो म्हणाला, "यमाजीबुवा आपले सखे होते ना?"

महाराजांनी पानाकडे पाहिले. "बारा वर्षं आम्ही शेजारी शेजारी घोंगडी टाकून झोपलो," ते म्हणाले. "तो गेला तेव्हा मला रडायची लाज वाटली. मठाधिपती होतो. म्हणून हे असलं लिहिलं. आता चाळीस वर्षं झाली. दरवर्षी हे शब्द ऐकतो आणि त्याचा चेहरा थोडा थोडा पुसट होत जातो. म्हणून तर आज धोंडबाला हाक मारली."

विश्वंभरने नवे कोरे पान घेतले, लेखणी शाईत बुडवली आणि महाराजांच्या पायाशी बैठक मारली.

"सांगा," तो म्हणाला. "गुण नकोत. यमाजीबुवा काय काय करायचे, ते सांगा."

सारे बंधू पुढे सरकले. महाराजांची नजर अंगणातल्या उन्हावर कुठेतरी खिळली होती.

"त्याला विंचवाची फार भीती," ते सावकाश म्हणाले. "निजायच्या आधी घोंगडी तीन वेळा झटकायचा. मी चिडवायचो, देहभावातीत म्हणे! तो ऐकायचा नाही. तीन वेळा स्वतःची झटकायचा आणि तीन वेळा माझी."

ते थांबले. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला.

"नाही," ते म्हणाले. "माझी आधी झटकायचा."

विश्वंभरने ते तसेच लिहून घेतले.

गेलेल्यांचे गुण कुणीही परकादेखील गाऊ शकतो. त्यांच्या सवयी सांगायला त्यांच्यासोबत जगलेले असावे लागते. तशा माणसांजवळ जाऊन बसावे आणि ती आहेत तोवर विचारून घ्यावे.