ठकूबाईचा जामीन

ठकूबाई रंगारीण परमुलखातून हिरेपेठेत आली ती रिकाम्या हातांनी. लढाईत तिचं गाव जळालं होतं आणि नवराही गेला होता. कापड रंगवायची कला तेवढी उरली होती, म्हणून तिनं नगरशेठ रायाजीकडं बाजारात एक गाळा मागितला.

रायाजी म्हणजे स्वतःला राजापेक्षा दोन बोटं वरचा समजणारा गृहस्थ. भर बाजारात मिशीला पीळ देत तो म्हणाला, "तुम्ही उपरी माणसं! आज दुकान मांडाल, उद्या गिऱ्हाइकांची लुगडी घेऊन गाशा गुंडाळाल. जामीन आण. आणि तोही असा, की जो हे गाव सोडून कध्धी जाणार नाही."

लोक हसले. व्यापाऱ्यांच्या त्या गावात असा माणूस मिळणार कुठून? खुद्द रायाजीच अर्धं वर्ष बाहेरगावी असायचा.

"आहे की, शेठजी," ठकूबाई म्हणाली. "चला, दाखवते."

ती त्यांना नदीकाठी घेऊन गेली. तिथं बाभळीखाली मातीचा वीतभर उंचवटा होता. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले होते.

"वाटेत मुलगी झाली मला. तुमच्या वेशीशी पोचले आणि ती गेली. हीच माझी जामीन. ही कुठं जायची नाही, शेठजी. आणि हिला टाकून मी तरी कुठं जाणार?"

रायाजीची मान खाली गेली. मग तो म्हणाला, "गाळा तुझा, बाई. पोरीचं नाव काय?"

"ठेवायचं राहिलं. बारसं नव्या गावात करू म्हटलं होतं."