पायाखालची माती

“मला सांगा अक्का, परक्या माणसाची दृष्ट घराला लागते की नाही?”

भागीरथीअक्कांनी जपाची माळ खाली ठेवली. नदीकाठच्या त्या लहानशा मठात भर दुपारी वारा अगदी पडला होता. अंगणातल्या पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

शालन अठरा वर्षं त्यांची शिष्या. मठात पोथी वाचायचा मान तिचा, आणि तो ती कुणाला देत नसे. तिने पदराची गाठ सोडून चिमूटभर माती पुढे केली.

माडीवरची खोली भाड्याने द्यायची होती. नर्सिंग शिकणारी एक मुलगी येणार, असं फोनवर ठरलंही होतं. दारात आली ती आफ्रिकेतली निघाली. खोली कालच दिली, असं शालनने सांगून टाकलं. खोली रिकामीच होती. मुलगी मुकाट्याने निघून गेली, आणि तेव्हापासून शालनच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हणून मुलगी उभी होती तिथली माती तिने दृष्ट काढायला आणली होती.

“एवढी काळी, अक्का. दचकलेच मी. आपण काही भेदभाव मानत नाही, पण शेजारीपाजारी काय म्हणतील?”

“आता कुठे असते ती?”

शालनने ऐकलं होतं ते सांगितलं. आणखी चार घरांनी नाही म्हटलं. हॉस्पिटलात, पेशंटच्या नातेवाइकांच्या बाकावर झोपते म्हणे. परीक्षा आठवड्यावर आलेली.

“दिसायला कशी आहे?”

“सांगितलं की, काळी.”

“चेहरा कसा आहे?”

शालन आठवू लागली... नाक, डोळे, काहीच समोर येईना. चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार.

अक्कांनी घमेल्यात विस्तव आणला. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या आणि ती माती शालनवरून उतरवून निखाऱ्यांवर टाकली. मिरच्यांचा तिखट धूर उठला. शालन खोकून खोकून बेजार झाली.

दृष्ट असली की मिरच्या जळूनही ठसका येत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

“म्हणजे... माझ्यावर काहीच नव्हतं?”

अक्कांनी शालनसमोर एक पाट मांडला. रिकामा.

“पाय उचल.”

“माझा?”

“उचल.”

शालनच्या पायाखालची माती अक्कांनी मुठीत घेतली. नव्या मिरच्या घेतल्या. रिकाम्या पाटावरून तीनदा सावकाश मूठ फिरवली आणि विस्तवावर सोडली.

मिरच्या आकसल्या. काळ्या पडल्या.

ठसका आला नाही.

शालनने मुद्दाम खोल श्वास घेतला... काहीच नाही. धूर मात्र पाटावर जाऊन थांबला होता. बसलेल्या माणसाएवढा उंच. पांगत नव्हता.

“अक्का... तिथे कोण आहे?”

“तूच बघ.”

“मला नाही दिसत.”

अक्का निखाऱ्यांवर राख ओढत राहिल्या.

“मी तिला खोली देते, अक्का. उद्याच देते.”

“तुझ्या घरात राहायची तिला भीती वाटते का, ते आधी विचार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शालन किल्ली घेऊन हॉस्पिटलात गेली, तेव्हा तिला येताना पाहून त्या मुलीने आपली बॅग उचलली आणि बाकावरून उठून ती लांब जाऊन उभी राहिली.