वाळूतलं कमळ

पांघरुणात पाय घेतलेत? मग ऐका.

एकदा काय झालं, समुद्रात एक बेट होतं. ताटासारखं सपाट. मधोमध एवढासा उंचवटा आणि त्यावर नादाईचं देऊळ. बेटावर थोडी घरं, पुष्कळ नारळी आणि गोड्या पाण्याची एकच विहीर. बाकी चहूकडे समुद्र.

आता तुम्ही म्हणाल, मग समुद्र आत कसा येत नव्हता? सांगते.

देवळात एक मोठा तांब्याचा हंडा होता. त्याच्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं, नगाऱ्यासारखं. रोज दिवेलागणीला त्या चामड्यावर बारीक वाळू पसरायची. मग सगळं गाव हंड्याभोवती गोल उभं राहायचं आणि नादाईचं स्तोत्र म्हणायचं. आठ कडव्यांचं. आवाजानं चामडं थरथरायचं, वाळू नाचायची, आणि एकेका कडव्याला एकेक पाकळी उमटायची. कुणी बोट लावायचं नाही बरं का, आपली आपण उमटायची. आठ कडवी झाली की आठ पाकळ्यांचं कमळ. आणि इकडे वाळूत कमळ उमटलं की तिकडे समुद्रात बेटाभोवती तसंच कमळ उमटायचं, पांढऱ्या फेसाचं. त्या रेघेच्या आत भरतीचं पाणी यायचं नाही.

स्तोत्र म्हणताना डोळे मिटायचे, असा तिथला नेम. उघड्या डोळ्यांनी देवीचं नाव घेणं म्हणजे देवीची परीक्षा घेणं, असं ती माणसं मानायची. डोळे उघडे ठेवायचा मान एकट्या आवडाईचा. ती गावात सगळ्यांत म्हातारी. तीच स्तोत्र चालवायची.

मग एके दुपारी आवडाई गेली. अंगणात बसल्या बसल्या गेली.

तिला एक लेक होती, येसू. येसूचं घर अगदी किनाऱ्याला. घरात ती आणि तिचं तान्हं बाळ. आईला पोचवून आल्यावर येसूनं तिचं लुगडं धुतलं, वाळत घातलं आणि दिवेलागणीला बाळाला पाळण्यात निजवून ती देवळात जाऊन उभी राहिली. पण स्तोत्र म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.

मग स्तोत्र सोमा गावकारानं चालवलं. हा गावातला मानाचा माणूस, छाती भरदार, आवाज खणखणीत. म्हटलं स्तोत्र, उघडले डोळे, आणि बघतात तर सात पाकळ्या कशाबशा बसलेल्या, आठवीची रेघ उघडीच.

त्या रात्री भरतीचं पाणी आत आलं. येसूच्या तुळशीपर्यंत आलं आणि फिरलं.

"वाळू दमट होती," गावकार म्हणाला.

"वाळूला काय होतंय? तूच घाई करत होतास," भागीकाकू म्हणाली. भागीकाकूची जीभ फार तिखट. पण गावकार ऐकतोय कुठला! दुसऱ्या दिवशी बायकांनी वाळू चाळली, उन्हात तापवली, पुन्हा चाळली. पिठासारखी केली. संध्याकाळी शंख आणले, ढोल आणले. गावकार म्हणाला, देवीला ऐकू गेलं पाहिजे. असा कल्लोळ केला की नारळीवरचे कावळे उडाले. डोळे उघडले तर काय? निम्म्या पाकळ्या विस्कटलेल्या.

आणि त्या रात्री पाणी येसूच्या ओसरीच्या पायरीला लागलं. येसू बाळाला घेऊन बसून राहिली. पाणी पायरीला थापट्या मारायचं, मागं जायचं. पुन्हा यायचं. जरा वर यायचं.

पळून का नाही गेली म्हणतोस? अरे, ते उधाणाचे दिवस. होडी घातली की उलटली. आणि एवढ्या माणसांनी जायचं तरी कुठं?

तिसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. आता मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. चुली पेटल्या, पण कुणाला घास उतरेना.

गावकार म्हणाला, "आपण कडव्याकडव्यात फट ठेवतो. त्या फटीतून समुद्र आत येतो. आज मध्ये श्वाससुद्धा घ्यायचा नाही. एकाचा संपला तर दुसऱ्यानं उचलायचं."

सगळ्यांना ते पटलं. भ्यालेल्या माणसाला काहीही पटतं बघा.

त्या संध्याकाळी भरती लवकर लागली. येसू निघाली तेव्हा पाणी उंबऱ्याच्या आत आलं होतं. बाळाला कुठं ठेवणार? तिनं त्याला छातीशी धरलं आणि गुडघाभर पाण्यातून देवळात आली. स्तोत्र सुरू झालं. भराभर, भराभर. सगळ्यांचे डोळे घट्ट मिटलेले. येसूला मात्र डोळे मिटता येईनात. बाळ चुळबुळत होतं, हंड्याकडे झेपावत होतं. त्याला सांभाळायचं तर डोळे उघडेच हवेत ना? तेवढ्यात तिला दिसलं, देवळाखालच्या पाण्यावर काहीतरी हलत येतंय.

तिच्याच घरातला पाळणा होता. रिकामा. तरंगत, गोल फिरत येत होता.

ये, अशी जवळ ये. बाळ तिच्या कडेवर आहे, विसरलीस का?

येसूनं पाळण्यावरची नजर काढली आणि हंड्याकडे लावली. आणि मग तिनं असं काही पाहिलं, जे आवडाईशिवाय कुणी कधी पाहिलंच नव्हतं. कमळ झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, पण होताना कुणी पाहिलं नव्हतं. आवाज आला की वाळू उडत होती, पळत होती. जिथं थरथर नाही अशी जागा शोधत होती. अशी जागा सापडली की कणाला कण चिकटून रेघ धरायला बघत होती. रेघ आता बसणार, आता बसणार, तोच पुढचं कडवं यायचं आणि तिला उधळून लावायचं.

"थांबा!" येसू ओरडली. तीन दिवसांत तिचा पहिला आवाज.

सगळे दचकले. स्तोत्र तुटलं.

"तुझे डोळे उघडे होते?" भागीकाकूनं विचारलं.

"होते."

"देवी कोपेल, पोरी!"

"काकू, पाणी देवळाच्या पायरीवर आलंय. आता आणखी काय कोपायचंय?" येसू म्हणाली. "वाळूला बसायला सवड द्या. एक कडवं म्हणा आणि गप्प राहा. ती बसेपर्यंत पुढचं म्हणू नका."

"गप्प राहिलो तर समुद्र आत येईल!" गावकार म्हणाला.

तेव्हा भागीकाकू हळूच म्हणाली, "सोमा, आवडाई असताना आपण थांबत होतो. म्हातारीला दम लागायचा. तिचा श्वास खाली बसेपर्यंत आपण थांबायचो. आपल्याला वाटायचं, तिच्यामुळं खोळंबा होतो."

गावकारानं वाकून चामड्यावरची वाळू झाडून टाकली.

मग त्यांनी नवी वाळू पसरली आणि पहिलं कडवं म्हटलं. सावकाश. आणि थांबले.

काय सांगू, गप्प राहणं इतकं अवघड असतं! पाणी एक पायरी चढलं. तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. गावकाराचे ओठ थरथरायला लागले, आता म्हणतोय की काय पुढचं! भागीकाकूनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो कळवळला, पण तोंड काही उघडलं नाही. वाळू इकडे पळाली, तिकडे पळाली. मग हळूहळू बसली. एक पाकळी.

दुसरं कडवं. पुन्हा थांबले. पाणी आणखी एक पायरी चढलं. दुसरी पाकळी बसली.

अशी कडव्यामागून कडवी. शेवटच्या कडव्याला पाणी देवळात शिरलं, सगळ्यांच्या पावलांना लागलं. गार. येसूला आईच्या श्वासाची लांबी ठाऊक होती. रात्र रात्र तिच्या उशाशी बसून तिनं तो ऐकला होता. तिनं मनातल्या मनात आईला तो श्वास आत घेऊ दिला. बाहेर सोडू दिला. पूर्ण होऊ दिला.

आठवी पाकळी बसली.

बाहेर समुद्रावर सर्र करून पांढरी रेघ उठली, बेटाभोवती फिरली आणि मिळाली. पावलांवरचं पाणी ओसरलं. मग पायरीपायरीनं उतरलं, घरांतून निघालं, अंगणांतून निघालं आणि रेघेच्या पलीकडं जाऊन राहिलं.

येसू तिथंच बाळाला मांडीवर घेऊन बसली. आणि मग ती रडली. पोटभर रडली. कुणी तिला उगी उगी म्हटलं नाही. नुसते शेजारी बसून राहिले.

पुढं चार दिवस लोक चिखल उपसत होते. विहीर उपसली, तिला पुन्हा गोडं पाणी लागलं. गावकारानं पहिली ओंजळ भागीकाकूला दिली. "चिमट्याबद्दल," म्हणाला.

तेव्हापासून त्या बेटावर प्रत्येक कडव्यानंतर सगळे थांबतात. कुणी डोळे मिटतं, कुणी उघडे ठेवतं. त्या थांबण्यात कुणाला कोण आठवतं, ते कुणी विचारत नाही. येसूचं बाळ मोठं झालं, शहाणं झालं, आणि ती सगळी माणसं त्या सपाट बेटावर आनंदानं राहिली.

संपली गोष्ट. कुशीवर वळा बघू. मी आहे इथंच.