हौसाचा राग आणि लक्षीचं दुखणं

माळावरच्या एका गावात घोंगड्या विणणाऱ्यांची वस्ती होती. तिथे हौसा नावाची एक सून राहायची. तिची सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच, बापाची बहीण. आत्याच्या मुलाशी, धुळाशी, तिचं लग्न लागलं तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी परक्या घरी गेलीच नाही.

पहिली मुलगी बानू धडधाकट निघाली. तिच्या पाठचा मुलगा मात्र जन्मल्यापासून रडत होता. महिनाही झाला नाही, तोच त्याच्या शीतून रक्त पडू लागलं. तोंड आलं, ताप हटेना, बसायच्या जागी गळवं फुटली. आत्यांनी निकाल दिला, "हिचं दूध बाधतंय."

शेजारणी धावून आल्या. एकीने हौसाला वाटीत दूध पिळायला लावलं, दुसरीने त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली, म्हणजे दूध विषारी ठरलं. दुधात पडलेली मुंगी बुडून मरणारच, पण हे बोलायची हौसाला सोय नव्हती. बाळाचं दूध तोडलं. नवव्या महिन्यात बाळ गेलं.

पुढे सहा वर्षं हौसा विषारी दुधाची बाई म्हणून ओळखली गेली. बारशाचं बोलावणं येईना. ती रस्त्याने निघाली की बाळंतिणीच्या घराचं दार लागायचं. धुळा मान खाली घालून माग चालवत राहायचा.  हौसाच्या पोटात मात्र राग साठत होता.

मग लक्षी जन्मली, आणि तिसऱ्या आठवड्यात तेच रक्त, तोच ताप.

"दूध तोड," आत्या म्हणाल्या.

हौसाने लक्षीला उचललं, बानूचा हात धरला. "या खेपेला दूध तुटणार नाही. मी शहरातल्या दवाखान्यात निघाले. कुणाला यायचं असेल त्यानं यावं."

तिचा तो आवाज घरात कुणी ऐकलेला नव्हता. धुळा मागावरून उठला. आत्याही मागोमाग निघाल्या.

मोठ्या दवाखान्यात लक्षीचं आणि घरच्या सगळ्यांचं रक्त तपासायला गेलं. काही आठवड्यांनी डॉक्टर कानडेबाईंनी तिघांना समोर बसवलं.

"जंतू आला की शरीर चिडतं," त्या म्हणाल्या. "सूज, ताप हे त्या चिडण्यानंच येतात. चिडायलाच हवं, नाहीतर जंतू माणसाला खाईल. पण काम झालं की शरीरच आपल्या पेशींना निरोप धाडतं, आता शांत व्हा. त्या निरोपाचं नाव इंटरल्युकिन-दहा. तो घ्यायला पेशींवर एक जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. लक्षीच्या अंगात निरोप तयार होतोय, पण तो घ्यायची जागाच बिघडलेली आहे. म्हणून तिचं शरीर चिडलेलंच राहतं आणि स्वतःचीच आतडी सोलतं."

"आणि माझं दूध?" हौसाने विचारलं.

"दुधाचा काडीचा संबंध नाही. ही खोट आई आणि बाप दोघांकडून आली तरच मूल आजारी पडतं. तुमच्यात ती तुमच्या वडिलांकडून आली, धुळांमध्ये या आजींकडून. मूळ एकच, तुमच्या आजोबांचं घर."

हौसाच्या कानशिलांत रक्त चढलं. ती उभी राहिली.

"सहा वर्षं, आत्या! सहा वर्षं मला विषारी म्हटलंत. माझं लेकरू भुकेनं माझ्या छातीकडे तोंड करायचं आणि तुम्ही ते ओढून घ्यायचात!"

आत्यांचा चेहरा उतरला. 

"भांडण नंतर," डॉक्टर म्हणाल्या. "बानूच्या हाडांतला मगज लक्षीला जुळतोय, तो थोडा काढून हिला द्यायचा. तिच्या पेशींना तो निरोप कळतो. त्या लक्षीच्या अंगात रुजल्या तर ही वाचेल."

आत्या मध्ये पडल्या. "धडधाकट पोरीच्या हाडात सुई? मी होऊ देणार नाही."

"तुमचं ऐकून झालं," हौसा म्हणाली. तिने बानूला जवळ घेतलं, दुखेल हेही सांगितलं. बानूने विचार केला आणि मान हलवली. मग हौसाने कागदावर सही केली, आणि पेन धुळाच्या हातात दिलं. त्यानेही आईकडे न बघता सही केली.

लक्षी कित्येक महिने काचेच्या खोलीत होती. दोनदा ती हातची जाते की काय असं वाटलं. पण बानूच्या पेशी रुजल्या. रक्त थांबलं, जखमा भरल्या.

हौसाचा राग मात्र भरत नव्हता. दवाखान्यातूनच तिने गावातल्या एकेका बाईला फोन लावला आणि खोट आत्यांच्या रक्तातून आली असं सांगितलं. निम्मंच सांगितलं. आपल्या बापाचं नाव काढलं नाही. घरी परतेपर्यंत गाव आत्यांवर उलटलं होतं. आता आत्या रस्त्याने निघाल्या की दारं लागत. हौसाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं.

लक्षी बरी झाली म्हणून बिरोबाच्या देवळात जेवण ठेवलं. आत्या ओवाळायचं ताट घेऊन पुढे आल्या. मुंगी सोडणारी शेजारीण आडवी आली.

"थांबा. खोट तुमच्या रक्ताची. पोरीला हात लावू नका."

आत्यांनी ताट मागे घेतलं. सगळ्या बायकांनी हौसाकडे पाहिलं. हाच दिवस तिला हवा होता. पण शेजारणीच्या तोंडावरचा आनंद तिला ओळखीचा वाटला. वाटीत मुंगी सोडली होती तेव्हाही तो तसाच होता. हौसाच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि या वेळी थोडा राग स्वतःचाही आला.

"पुरे!" ती ओरडली. "आत्यांनी मला छळलं. ते मी विसरले नाही, माफही केलेलं नाही. पण ही खोट माझ्या बापातही होती, माझ्यातही आहे. मग मला का अडवत नाही? तेव्हा मी सापडले, आज या सापडल्या. तुम्हाला नुसतं कुणीतरी लागतं! फोन करून हे मीच पेटवलं, मीच थांबवते. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी पंगतीला बसू नये."

शेजारीण आणि आणखी दोघी तणतणत निघून गेल्या. बाकीच्या थांबल्या.

"हौसे," आत्या म्हणाल्या, "दुधाचं मी..."

"ते आज मिटायचं नाही," हौसा म्हणाली. तिचा आवाज अजून तापलेलाच होता. "घरी बोलू. आधी ओवाळा, पोरगी भुकेली आहे."

तात्पर्य: संकटाशी लढायला राग लागतोच; पण काम झाल्यावर 'पुरे' हा शब्द ज्याला ऐकू येत नाही, त्याचा राग शेवटी त्याच्याच घराला खातो.