मातीचा अंगारा

भिवराम महाराज धोंडजांब्यात आले, तेव्हा दोन रात्री मुक्काम करून पुढे जातील असा गावाचा अंदाज होता. महाराज अकरा वर्षे राहिले! महादेवाच्या देवळामागे चिंचेखाली पत्र्याचे छप्पर, एक घोंगडी, एक तांब्या आणि अखंड पेटती धुनी, एवढाच त्यांचा संसार. धुनीतल्या अंगाऱ्याने कोणाचे दुखणे हटले, कोणाचे भांडण मिटले. पण महाराजांची एक सवय मात्र कोणालाच उमगत नसे. कोणाच्या शेतात पाऊल टाकले की ते आधी वाकत, चिमूटभर माती उचलून नाकाशी धरत, आणि मगच त्या घरच्या माणसांची विचारपूस करत.

"आधी आईला भेटतो, मग लेकरांना," असे म्हणत.

धोंडजांबे हे द्राक्षांचे गाव. डोंगराच्या उतारावर एकीखाली एक अशा बागा, आणि सगळ्यांत खाली, ओढ्याच्या काठाला, गयाबाई गांगुर्डेची वीस गुंठ्यांची बाग. तिच्या नवऱ्याने, कचरूने, ती आपल्या हाताने लावली होती. तो गेल्याला सात वर्षे झाली. मूलबाळ नाही. सकाळी बागेत शिरायचे, एकेका वेलीला हात लावून दोन शब्द बोलायचे आणि कामाला लागायचे, हाच गयाबाईचा दिवस होता. लोक हसत. हसेनात का! वेली कुठे हसत होत्या?

पण दोन वर्षे झाली, बागच रुसली. पाने कडेने करपू लागली, घड धरेनात. वेलींच्या पायाशी मातीचे जे उंच वरंबे घालतात त्यांना बोद म्हणतात; त्या बोदावर कुदळ मारली तर खण्णकन आवाज येई. पाणी सोडले तर मुरायचे नाव नाही, घसरून वाटेला लागे.

धाकटा दीर सुकदेव एके दिवशी म्हणाला, "वहिनी, औंदाच्या माघात घड उतरले नाय, तर मी वेली उपटून मका टाकणार. दादाची आठवण मलाबी हाये, पन नुसत्या आठवणीसाठी वावर किती दिस अडवून ठेवायचं?"

त्याचे काही चुकीचे नव्हते. गयाबाई पदराने डोळे पुसत थेट चिंचेखाली गेली आणि तिने अंगाऱ्यासाठी ओंजळ पुढे केली.

महाराजांनी अंगारा दिला नाही. ते उठले, तिच्याबरोबर बागेत आले, मातीचे एक ढेकूळ उचलून त्यांनी हुंगले.

"बाई, ही उपाशी आहे," महाराज म्हणाले.

"उपाशी कशी महाराज? दरसाली खताची गोणी टाकते की!"

"गोणी वेलीला मिळाली. आईच्या ताटात काय वाढलंस? तिच्या अंगावर पांघरूणही ठेवलं नाहीस."

एप्रिलातली छाटणी नुकतीच झाली होती आणि काड्यांचा ढीग बांधावर पडला होता. गावची रीत अशी की छाटलेल्या काड्या बांधावर न्यायच्या, काडी लावायची आणि अक्षय्यतृतीयेच्या आत सगळी बाग झाडून काढायची. झाडलेली बाग म्हणजे कष्टाळू माणसाची बाग. पानभर कचरा दिसला तरी त्या घरच्या बाईचे नाव निघे. आणि महाराजांनी नेमके तेच करू नको म्हणून सांगितले.

"काड्या जाळायच्या नाहीत. बोट बोट तुकडे कर आणि बोदावर पसर. वर शेणाचा काला शिंप. पाऊस पडला की ओळींच्या मधे ताग पेर, फुलावर आला की काप आणि तिथंच आडवा कर. आणि रोज सकाळी मूठभर माती हुंगायची."

"कशापायी?"

"देवाचा वास येईल."

"तो कसा असतो, महाराज?"

"आला की कळेल!" एवढे बोलून महाराज हसत निघून गेले.

गयाबाई रोज उन्हात बसून कोयत्याने काड्या तोडू लागली. हाताला फोड आले. बाकीच्या बागा आरशासारख्या लखलखत असताना हिच्या बागेत काड्या, शेण आणि वाळला पाला!

तिच्या बागेला लागून, वरच्या अंगाला, यशवंतराव मोगलांची चार एकर बाग होती. माणूस मोठा कष्टाळू. त्यांच्या बागेत पत्रावळी न मांडता पंगत वाढावी, इतकी ती स्वच्छ. आपल्यासारखा बागाईतदार तालुक्यात नाही, हे गावाला पटले होते आणि यशवंतरावांना तर त्याच्या कितीतरी आधीच पटले होते.

ते बांधावर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "गयाबाई, बाग केलीय का उकिरडा? महाराजांनी माती हुंगायला शिकवलं, उद्या खायलाबी शिकवतील! कचरूनं पाहिलं असतं तर काय म्हटला असता?"

बरोबरचे दोघे खो खो हसले. गयाबाई खाली मान घालून काड्या तोडत राहिली. उकिरडा म्हटले ते तिने सोसले; कचरूचे नाव काढले ते मात्र काळजात रुतले.

संध्याकाळी ती महाराजांपुढे बसली. "आजबी वास आला नाय, महाराज. भाजल्या मडक्यावानी येतो नुसता."

"खरं बोललीस," महाराज म्हणाले. "आला म्हणाली असतीस, तर मीच काळजीत पडलो असतो. आता झोप निवांत."

ती खरेच निवांत झोपली.

पावसाळा लागला. ताग कमरेएवढा वाढला, तिने तो कापून ओळीत निजवला. भादव्यातल्या एका सकाळी नेहमीसारखी बोदावरची काडी बाजूला सारून तिने बोटे खुपसली, आणि बोटे मुळापर्यंत आत गेली! माती रव्यासारखी मोकळी. तिच्यात दुधासारखी पांढरी मुळे, आणि एक गांडूळ लगबगीने आत पळाले. गयाबाईने मूठ नाकाशी नेली. माहेरच्या आमराईत, जुन्या पाल्याखाली जो गार वास असतो, तो! तिने त्या मुठीला नमस्कार केला आणि ती एकटीच रडत बसली. आनंदाचेच रडे होते ते.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलींवर दोन दोन घड दिसले. सुकदेव येऊन बघून गेला. जाताना त्याने मांडवाची तुटलेली एक तार ओढून बांधली.

आणि घड फुलोऱ्यात असतानाच, ऐन कार्तिकात, आभाळ फाटले. दोन दिवस, दोन रात्री पाऊस थांबला नाही. यशवंतरावांच्या झाडून चोपून गुळगुळीत केलेल्या बागेत पाण्याला शिरायला जागाच नव्हती. पाणी परातीत साठावे तसे पोटरीएवढे साठले. मुळे कुजणार हे दिसताच तिसऱ्या दिवशी सकाळी यशवंतरावांनी फावडे उचलले आणि खालचा बांध फोडला. खाली कोणाची बाग आहे, हे त्यांना ठाऊक होते. चार एकरांचे गढूळ पाणी धो धो करत गयाबाईच्या वीस गुंठ्यांत शिरले.

ती अनवाणी धावत सुटली. "महाराज, बाग बुडाली! माझ्या धन्याची बाग बुडाली हो!"

महाराज घोंगडी पांघरून निघाले. बागेशी सुकदेव चर खणायला कुदळ घेऊन उभा होता. महाराजांनी त्याला हाताने थांबवले. ते पाण्यातून पहिल्या बोदापाशी गेले, खाली बसले आणि आईच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी काड्यांवर तळवा ठेवला.

"माय," महाराज म्हणाले, "उन्हाळ्यापासून हिनं तुला वाढलं. आज लेकीची लाज तुझ्या हाती. पी!"

आणि त्यांनी डोळे मिटून विठ्ठलाचे नाव घ्यायला सुरुवात केली. गयाबाईने पाहिले, पाणी ओळीत शिरत होते, काड्यांमध्ये अडखळत होते, मंद होत होते आणि जिरत होते! वरून लोंढा येतच होता, पाऊस पडतच होता आणि जमीन पितच होती. महाराजांचा जप संपला, तेव्हा शेवटच्या ओळीत पाण्याचे एक डबकेसुद्धा उरले नव्हते. मूठभर जमिनीत चार एकरांचे पाणी कसे मावले, याचा हिशेब करणाऱ्यांनी खुशाल करावा. सुकदेवने केला नाही. त्याने कुदळ खाली ठेवली आणि वहिनीच्या पायांवर डोके टेकले.

यशवंतरावांचे पाणी गेले, पण जाताना बोदांवरची सारी मऊ माती घेऊन गेले. आठवड्यात त्यांच्या वेलींची पाने पिवळी पडली, घड कुजून गळाले. यशवंतराव चिंचेखाली आले आणि मान खाली घालून म्हणाले, "महाराज, अंगारा द्या."

"राख तर तुमच्या बांधावर दहा वर्षांची साठली आहे, यशवंतराव," महाराज शांतपणे म्हणाले. "ती लागू नाही पडली? खाली गयाबाईकडे जा. तिथं तुमचं काही राहिलं आहे."

यशवंतराव कसेबसे तिच्या बांधाशी गेले. काय बोलावे, याची त्यांनी वाटेत चार वेळा जुळवाजुळव केली होती. पण गयाबाईच आधी बोलली.

"दादा, बरं झालं आले. तुमची माती माझ्या काड्यांत अडकलीय. चांगली माती हाये, मी खरवडून बाजूला ठेवलीय. घेऊन जावा, तुमच्या बोदावर टाका."

बांधाला लागून घमेल्याघमेल्याने ओतलेले ढीग ओळीने मांडले होते. तीन दिवस ती वाकून हेच करत होती! यशवंतरावांची जुळवाजुळव जागच्या जागी विरून गेली. त्यांनी घमेले उचलले.

माघात गयाबाईच्या बागेत घड उतरले, मधाच्या रंगाचे, टंच. बाग राहिली. महाराजांपुढे पहिला घड ठेवायचा गावाचा रिवाज होता. त्या दिवशी चिंचेखाली सगळे बागाईतदार जमले, आणि गयाबाईची पाटी सुकदेव स्वतःच्या डोक्यावर घेऊन आला. सर्वांत शेवटी यशवंतराव आले. त्यांच्या हातात घड नव्हता. त्यांनी महाराजांपुढे मूठ उघडली, तर तिच्यात माती होती.

"महाराज, औंदा घड नाहीत," ते म्हणाले. "बागेतली माती आणलीय. रोज हुंगतो. वास अजून आला नाही."

महाराजांचे डोळे पाणावले. "खरं बोललात," ते म्हणाले, "आता येईल."

सगळ्या गावादेखत यशवंतराव मोगलांनी आधी गयाबाईला हात जोडले, मग महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी धुनीकडे हात नेला नाही. त्यांनी त्याच मुठीतली चिमूटभर माती उचलली आणि अंगारा लावावा तशी यशवंतरावांच्या कपाळाला लावली.

त्या एप्रिलात धोंडजांब्याच्या एकाही बांधावर धूर निघाला नाही.