भोरकड्याच्या यंत्राला ‘येतो’ म्हणण्याची रीत

भोरकड्याच्या माथ्यावर पर्जन्यमापन केंद्राची बुटकी दगडी इमारत आहे. तिथे एक रीत पाळली जाते. संध्याकाळी खोलीला कुलूप लावणारा माणूस निघण्याआधी संगणकावर एकच शब्द टंकतो, ‘येतो’. यंत्र उत्तर देतं, ‘कळले नाही’. मग तो दिवा मालवून बाहेर पडतो. केंद्र पाहायला आलेली कॉलेजची मंडळी याला हसतात. जुने चौकीदार बाबाजी ढेबे त्यांना हसू देतात आणि हसून झालं की पायरीवर बसवून वालावलकरसाहेबांची गोष्ट सांगतात.

पन्नासेक वर्षांपूर्वी पुरुषोत्तम वालावलकर इथे बदलून आले, तेव्हा त्यांची बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं, असं सांगतात. मूलबाळ नव्हतं. टपालाची जीप आठवड्यातून एकदा वर यायची. केंद्रात कपाटाएवढा एक संगणक होता आणि त्याची उत्तरं कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापणारा टेलिप्रिंटर. नदीच्या खोऱ्यात ठिकठिकाणी बसवलेल्या सात मापकांच्या नोंदी त्या संगणकात यायच्या. आज्ञा कशा द्यायच्या नि यंत्राने काय उत्तर द्यायचं, हे अजून कोणी ठरवलेलं नव्हतं. ते वालावलकरांनी ठरवलं.

त्यांनी यंत्राला बोलायला शिकवलं. ‘कृपया सातही मापकांच्या नोंदी दाखवाव्यात’ असं ते टंकायचे. यंत्र म्हणायचं, ‘आज्ञा शिरसावंद्य, साहेब. आपला चहा झाला असेलच.’ मग नोंदी यायच्या, मधे हवापाण्याच्या चार गोष्टी, आणि शेवटी ठरलेली ओळ, ‘काम फत्ते झाले. आणखी काही सेवा?’ ही सगळी वाक्यं आपणच लिहून ठेवली आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? तरी चहाचा पेला हातात घेऊन ते ती मोठ्याने वाचायचे, आणि सकाळ बरी जायची. एकट्या माणसाला कशाचाही आधार पुरतो.

नोंदी पाहिल्या की ते खाली आंबेणच्या तरीवर, नदी ओलांडायच्या नावेच्या धक्क्यावर, फोन करायचे. नदी चढणार असेल तर तिथला नावाडी नामा भोई नाव सोडत नसे.

एका वर्षी श्रावणात आठ दिवस झड लागली होती. नवव्या सकाळी कागदावर बावीस ओळी उमटल्या. त्यांतली चौदावी ओळ होती, ‘आंबेण मापकाची नोंद आली नाही.’ वर-खाली सगळं गोडगोड बोलणं. चौदावी ओळ वालावलकरांच्या नजरेखालून गेली, पण मनात उतरली नाही. शेवटी ‘काम फत्ते झाले’ होतं. ते तसं असणारच होतं, कारण काही बिघडलं तर ती ओळ गाळायची, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी फोन करून सांगितलं, सगळं ठीक आहे.

नामा नाव घेऊन निघाला. नाव मधल्या धारेत असताना पुराचं पाणी आलं. तो परत आला नाही.

दिवसकार्य झाल्यावर नामाची बायको चांगुणा डोंगर चढून वर आली. ती रडली नाही की भांडली नाही, म्हणे. खोलीत येऊन यंत्रासमोर उभी राहिली.

“सायेब, ह्ये काय बोललं न्हाई व्हय त्या दिशी?”

“बोललं होतं, बाई,” वालावलकर म्हणाले. “फार बोललं होतं. मीच ऐकलं नाही.”

ती पाणीही न पिता उतरून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला बसले. एकेक करून त्यांनी यंत्राची सगळी वाक्यं रोजच्या उत्तरांतून काढून टाकली. आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या केल्या, ‘कृपया’ काढलं, ‘साहेब’ काढलं. काम नीट झालं तर यंत्राने काही म्हणायचं नाही, चुकलं तरच तोंड उघडायचं, असा नियम घातला. ज्याला यंत्राने पूर्वीसारखं सविस्तर बोलायला हवं असेल, त्याने आज्ञेपुढे एक आडवी रेघ नि एक अक्षर द्यावं, एवढी सोय मागाहून येणाऱ्यांसाठी ठेवली. आपण स्वतः ती रेघ कधी ओढायची नाही, अशी त्यांनी नामाच्या नावाने शपथ घेतली.

शपथ घेणं एका दिवसाचं होतं. पाळायची मात्र अकरा वर्षं होती. रोज सकाळी ते दोन अक्षरं टंकायचे, सात आकडे यायचे आणि खोली गप्प व्हायची. आकडा गाळला गेला की यंत्र एकच ओळ छापायचं, आणि ती ओळ बाकी रिकाम्या कागदावर कोणालाही दिसायची. त्या अकरा वर्षांत तरीवर कोणी बुडालं नाही. वालावलकर चहा पीत पीत आकड्यांखालच्या कोऱ्या कागदाकडे बघत बसायचे, हे ढेब्यांनी स्वतः पाहिलं आहे. त्यांना फार वाईट वाटायचं, पण साहेबांशी काय बोलावं ते सुचायचं नाही. त्याची खंत अजून आहे, असं ते सांगतात.

निवृत्तीच्या दिवशी जीप खाली उभी होती. वालावलकर पिशवी खांद्याला लावून यंत्रापाशी गेले. एक रेघ ओढली असती तर ते पुन्हा ‘साहेब’ म्हणालं असतं. ढेब्यांना वाटलं, आज ओढतील. त्यांनी टंकलं, ‘येतो’.

अशी आज्ञाच नव्हती. यंत्राच्या दृष्टीने ती चूक होती, आणि चुकीला बोलायची त्याला मुभा होती. त्याने छापलं, ‘कळले नाही.’

वालावलकरांनी ती ओळ मोठ्याने वाचली, पूर्वी वाचायचे तशी. मग चष्मा पुसला आणि उतरून गेले.

तो संगणक भंगारात गेला, त्यानंतरचे दोनही गेले. नव्या यंत्रात साहेबांचे नियम तसेच उतरवून घेतात. आजही तिथे काम नीट झालं की यंत्र गप्प असतं. आजही कुलूप लावणारा माणूस ‘येतो’ म्हणतो आणि उत्तराची ओळ मोठ्याने वाचून मगच दिवा मालवतो.