सात कच्च्या जागा

एका गावात एक दोर वळणारा होता, आणि तसा माणूस मिळावा एवढी त्या गावाची लायकी नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे रागाच्या भरात राहून जाईल.

गावापुढे दरी होती. इतकी खोल, की सोमवारी तिच्यात शिंकलं तर बुधवारी खालून कुणीतरी ‘सत्य आहे’ म्हणायचं. खोटं वाटत असेल तर जाऊन शिंकून या. दरीपलीकडे देवीचं देऊळ आणि मधे दोरांचा पूल. पुलाचा मुख्य दोर दर वर्षी जत्रेआधी नवा वळायचा. रीत अशी, की नव्या दोरावर पहिली पावलं त्या वर्षीच्या बाळंतिणींची, कडेवर तान्हं घेऊन. त्या वर्षी त्या अकरा होत्या. गावाला दुसरे उद्योग कमी होते.

दोरवळ्या चाळिशीचा. त्याचं डोकं एका वेळी एकाच गोष्टीत शिरायचं, पण शिरलं की पार तळापर्यंत. दोन माणसं एकदम बोलली, की त्याला दोघांचंही कळत नसे आणि कपाळ ठणकायला लागायचं. मात्र डोळे मिटून दोरावरून बोटं फिरवली, की कुठल्या पेडात किती धागे ते सांगायचा. गावाला त्याचं काय कौतुक? लहानपणापासून त्यानं एकच ऐकलेलं, लक्ष कुठंय तुझं, एवढं साधं कसं जमत नाही तुला. त्यामुळे समोरच्याचा चेहरा जरा पडला, की याच्या पोटात खड्डा पडायचा. कुणी काहीही सांगो, तोंडातून ‘हो’च यायचं.

गावानं हे बरोबर हेरलं होतं. पाटलांची म्हैस चुकली, बोलवा त्याला. पाटलीणबाईंना पाळणा टांगायचाय, बोलवा त्याला. न्हाव्याचा सासरा बोलायचा थांबत नसे, तर न्हाव्यानं चक्क याला सासऱ्यासमोर बसवलं आणि स्वतः झोपायला गेला.

आता, मोठा दोर उलटं चालत वळतात आणि एकेक लांबी एका दमात वळावी लागते. मधेच सोडला तर पीळ ढिला पडतो आणि तेवढी जागा कायमची कच्ची राहते. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी जो तो यायचा आणि म्हणायचा, एवढंच, लगेच परत जाशील.

जत्रेच्या सकाळी ढोल वाजत होते. खांबाला बांधलेल्या दोरावर दोरवळ्यानं तळवा फिरवला, मग पाऊल न टेकवता, दोराला लोंबकळून सरकत सरकत पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन आला. सात जागा कच्च्या होत्या. परतला तेव्हा बाळंतिणी ओटी भरून उभ्या होत्या.

गप्प राहिलं तर सगळे चेहरे हसरे राहणार होते. बोललं तर गावभरचे चेहरे एकदम पडणार. तरी तो पाटलांजवळ गेला आणि म्हणाला, दोर धरणार नाही, कुणाला सोडू नका.

पाटील म्हणाले, “आत्ता सांगतोस? अरे, वर्षभरात एक काम होतं तुला.”

“एक?” दोरवळ्या म्हणाला.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. त्यानं नारळ फोडायचा कोयता उचलला आणि खांबाशी दोर तोडला.

मग जो गलका झाला तो विचारू नका. कृतघ्न, वेडा, सणाचा सत्यानाश केला, सगळं बोलून झालं. चाळीस गडी धावले आणि दरीत घसरणारं तुटकं टोक पकडून दोर पुन्हा ताणायला लागले. त्यांनी जोर लावला मात्र, आणि दोर मधोमध शेवईसारखा तुटला. चाळीसच्या चाळीस गडी ढुंगणावर आपटले.

ढोल थांबले. एका बाळंतिणीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि थंडपणे विचारलं, “पाटील, म्हैस सापडली ना?”

दोरवळ्यानं कोयता खाली ठेवला. मग म्हणाला,

“नवा दोर एकवीस दिवसांत देतो. तोवर माझ्या दारी कुणी यायचं नाही. जत्रा त्यानंतर.”

गुरव पुटपुटला, की देवी कोपेल. दोरवळ्या म्हणाला, तिचं मी बघतो.

तिसऱ्या दिवशी पाटील दारात आलेच. काम अगदी लहान आहे म्हणाले. दोरवळ्या उलटं चालत होता. “नाही,” तो म्हणाला. पाटलांचा चेहरा पडला. दोरवळ्याच्या पोटात नेहमीसारखाच खड्डा पडला. पण पाय थांबले नाहीत आणि पीळ सुटला नाही.

बाविसाव्या दिवशी अकरा बाळंतिणी आणि अकरा तान्ही पलीकडे पोचली.

तात्पर्य, आणि हे कान उघडे ठेवून ऐका: कुणाचा चेहरा पडेल या भीतीनं सगळ्यांना हो म्हणणारा शेवटी सगळ्यांनाच संकटात घालतो, पोटात खड्डा पडला तरी नाही म्हणावं. आणि माणसाला सात वेळा कामावरून उठवून वर ‘लक्ष कुठंय’ म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःची लाज शोधावी.